चेनसॉ सुरूच होत नाही : कार्बोरेटर खोलण्याआधी पाळायचा क्रम

मे महिन्यात पडवीत ठेवलेलं मशीन दसऱ्यानंतर बाहेर निघतं. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, आणि मग कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन थेट कार्बोरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) भिडतो. निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांनंतर कोकणात बऱ्याच बागायतदारांनी आडवी झालेली झाडं तोडायला पेट्रोलवरचा कटर घेतला. वापर वर्षातून थोडेच दिवस, बाकी काळ तो कोपऱ्यात. अशा मशीनचं दुखणं बहुतेक वेळा साधं असतं. पण उलट क्रमाने शोधायला गेलं की साध्या दुखण्याचं मोठं होतं. स्क्रू फिरवून सेटिंग जातं, कार्बोरेटरच्या आतला पातळ पडदा फाटतो, आणि मूळ कारण, म्हणजे टाकीतलं पाच महिन्यांचं पेट्रोल, तसंच राहतं.

हा क्रम दोन-स्ट्रोक पेट्रोल चेनसॉसाठी आहे. मशीन स्टिलचं असो, हुस्कवार्नाचं असो की बाजारात मिळणारं ५८ सीसीचं चिनी बनावटीचं, तपास एकच. सुरू व्हायला इंजिनला चार गोष्टी लागतात : योग्य पेट्रोल, हवा, ठिणगीसाठी वेळेवर करंट आणि पुरेसं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). यातली कुठली कमी आहे, हे ओळखायचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग. म्हणून आधी खटके, मग पेट्रोल, मग प्लग. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

## आधीची तयारी

हे जवळ ठेवा : मशीनसोबत आलेला प्लगचा पाना (बहुतेक प्लगना १९ मिमीचा लागतो), चपटा आणि चांदणी तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, पितळी तारांचा छोटा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, सुती फडकं, पारदर्शक काचेची बाटली, तारेचा आकडा, कार्ब क्लीनरचा स्प्रे आणि एक नवा प्लग. नवा प्लग घेताना जुना दुकानात घेऊन जा आणि त्यावरचा नंबर जुळवा. मोटारसायकलचा प्लग चुडीत (आट्यांत) बसला तरी त्याची लांबी वेगळी असू शकते, आणि लांब प्लग पिस्टनवर आपटतो.

जागा मोकळी आणि सावलीची निवडा. गोठा, चूल, देवघरातला दिवा यांच्यापासून लांब. पट्टीवर (जिच्याभोवती चेन फिरते ती) कव्हर चढवा आणि मशीन सुरू करून पाहायची वेळ येईपर्यंत ते काढू नका. हातमोजे घाला. बंद मशीनची चेनसुद्धा बोट कापते.

सावध : पेट्रोल ओतलं त्या जागेवर मशीन सुरू करायचं नाही. निदान ३ मीटर लांब जायचं. विडी-सिगारेट ओढणाऱ्या मदतनिसाला आधीच घरी पाठवा.

## १. खटका, ब्रेक आणि दोरी

हा टप्पा वाचताना हसू येईल, पण गॅरेजात आलेली काही मशिनं मेकॅनिक नुसता खटका वर करून परत देतो.

चालू-बंदचा खटका बघा. स्टिलच्या बऱ्याच मॉडेलना एकच दांडी असते. अगदी वर बंद, त्याखाली चालू, त्याखाली अर्धा गॅस आणि अगदी खाली चोक (थंड इंजिनसाठी हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप). ती चोकवर आणायची तर गॅसचा ट्रिगर दाबून धरावा लागतो. चिनी मशीनला बंद करायचा खटका वेगळा आणि चोकची कांडी वेगळी, त्यामुळे चोक ओढला जातो आणि खटका बंदच राहतो. हे फार होतं.

आता सुरू करायची पद्धत. चेन ब्रेक (पुढच्या मुठीसमोरची दांडी) पुढे ढकलून लावा. मशीन सपाट जमिनीवर ठेवा, उजव्या पायाच्या बुटाचं टोक मागच्या मुठीत अडकवा, डाव्या हाताने पुढची मूठ दाबून धरा आणि उजव्या हाताने दोरी ओढा. मशीन हातात लोंबकळतं धरून दोरीला हिसका देणं दिसायला रुबाबदार, पण मांडीवर चेन बसायची तीच वेळ.

थंड मशीनसाठी क्रम असा :

- फुगा (पेट्रोल वर ओढायचं मऊ प्लास्टिकचं बटण) असेल तर त्यात पेट्रोल दिसेपर्यंत दाबा. पुढे आणखी दोन-तीनदा.
- चोक पूर्ण लावा. दोरी आधी हळूच ओढा. अडल्यासारखी लागली की तिथून जोरात आणि सरळ ओढा. पूर्ण दोरी बाहेर काढू नका आणि परत जाताना सोडून देऊ नका, हाताने सोबत करा.
- तीन-चार ओढींत इंजिन एकदा “फट्” करेल. हा आवाज कान देऊन ऐका. मशीन एवढंच बोलतं आणि गप्प होतं.
- तो आवाज आला की चोक काढा, अर्ध्या गॅसवर आणा आणि पुन्हा ओढा. दोन-चार ओढींत सुरू व्हायला हवं.
- सुरू होताच ट्रिगर किंचित दाबून सोडा म्हणजे अर्धा गॅस सुटतो. मग ब्रेक मागे घ्या. ब्रेक लावलेला ठेवून गॅस दिला तर क्लच जळतो.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते “फट्” नंतर. आवाज आला म्हणून उत्साहाने तसाच चोक ठेवून आणखी पंधरा वेळा ओढतात. आत पेट्रोल तुंबतं, प्लग ओला होतो आणि मग मशीन खरंच सुरू होत नाही.

तपासा : दोरी ओढताना अगदी हलकी लागते आणि इंजिन फिरत नाही? मग स्टार्टरच्या आतले दात अडकलेत किंवा झिजलेत. दोरी अजिबात हलत नाही? प्लग काढून पुन्हा ओढा. तरीही घट्ट असेल तर एकतर स्टार्टर अडकलाय किंवा इंजिन सीज झालंय, म्हणजे पिस्टन आत चिकटलाय. स्टार्टरचं झाकण काढून चाक हाताने फिरवून पाहिलं की कोणतं ते कळतं. जोर लावून दोरी तोडू नका.

## २. टाकीतलं पेट्रोल ओतून काढा

“पेट्रोल आहे की टाकीत” हे उत्तर पुरत नाही. कोणतं, कधीचं आणि किती ऑइल घातलेलं, हे तीन प्रश्न आहेत.

टाकीतलं सगळं काचेच्या बाटलीत ओता आणि पंधरा मिनिटं तशीच ठेवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात त्याला पाण्याची वाण नसते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, पेट्रोल आणि ऑइल वर राहतं. बाटलीत तळाशी वेगळा थर किंवा गढूळ थेंब दिसले तर तेच समजा. टाकीतला फिल्टर तळालाच पडलेला असतो, म्हणजे इंजिनला पहिला घोट मिळतो तो या पाण्याचा. त्यात ऑइलही नसतं.

थर नाही, पण वास वार्निशसारखा आंबट येतोय आणि रंग गडद झालाय? तेही टाकाऊच. मिसळलेलं पेट्रोल महिनाभरात वापरून संपवावं. त्याहून जुनं मशीनला पाजू नका.

नवं मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करा. आधी थोडं पेट्रोल, मग टू-टी (दोन-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. टाकीत थेट पेट्रोल ओतून वरून ऑइलची धार सोडली तर ऑइल तळाला जाऊन फिल्टरलाच चिकटतं.

प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं, तेच धरा. हिशेबाला सोपं जावं म्हणून :

- ५०:१ म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल
- ४०:१ म्हणजे २५ मिली
- २५:१ म्हणजे ४० मिली

“थोडं जास्त घातलेलं बरं” या न्यायाने दुप्पट ऑइल घालणारे पुष्कळ. त्याने प्लग काळा होतो आणि सायलेन्सर तुंबतो. पण ऑइल न घालता साधं पेट्रोल भरलं तर मात्र काही मिनिटांत पिस्टन खरवडला जातो, आणि त्या चुकीला स्वस्त इलाज नाही. औषधाच्या बाटलीचं मिलीच्या खुणा असलेलं टोपण या कामाला उत्तम.

सावध : चेनसॉला दोन टाक्या. पट्टीच्या बाजूची चेन ऑइलची, मागच्या मुठीकडची पेट्रोलची. झाकणावर चित्रं असतात, पण भुशाने बुजतात. पेट्रोलच्या टाकीत चेन ऑइल गेलं असेल तर दोरी ओढू नका. टाकी रिकामी करून ताज्या मिश्रणाने दोनदा विसळा, फिल्टर बदला, मग पुढे चला.

नवं पेट्रोल भरून पहिल्या टप्प्यातला क्रम एकदा पुन्हा करून पाहा. पावसाळ्यानंतरची कितीतरी मशिनं इथेच सुरू होतात. नाही झालं, तर प्लग.

## ३. प्लग काढा आणि त्याच्याकडे नीट बघा

सात-आठ ओढी मारून झाल्यावरच प्लग काढा, म्हणजे तो खरं सांगेल. आधी भोवतीचा भुसा फुंकून किंवा ब्रशने काढा. नाहीतर तो सरळ सिलिंडरमध्ये पडतो.

प्लग हातात घेऊन उजेडात धरा. वास घ्या, टोकाला बोट लावा.

ओला आणि पेट्रोलचा वास : पेट्रोल पोचतंय, जास्तच पोचतंय. टप्पा ४ आणि मग ५.

कोरडा ठणठणीत : पेट्रोल पोचतच नाही. तरी ५ मध्ये करंट एकदा बघून घ्या, मग ६ आणि ७.

काळा, तेलकट, काजळी धरलेला : ऑइल जास्त, हवेचा फिल्टर तुंबलेला किंवा चोक लावूनच मशीन चालवलेलं. ब्रशने साफ करा, पण नवा टाकणं जास्त शहाणपणाचं.

फिकट तपकिरी, कॉफीच्या रंगाचा : इंजिनचं जळण नीट चाललं होतं. बिघाड नुकताच आणि बहुधा बाहेरचा आहे.

पांढराफटक किंवा टोकावर धातूचे बारीक मणी : इंजिन तापलंय. थेट आठव्या टप्प्यावर जा आणि पिस्टन बघा.

टोकातलं अंतर बहुतेक मशीनना ०.५ मिमी लागतं, काही चिनी मशीनना ०.६ ते ०.७. फीलर गेज असेल तर मोजा. चिनी मातीचा पांढरा भाग तडकला असेल तर प्लग फेकून द्या, साफ करण्यात अर्थ नाही.

## ४. पेट्रोल ओव्हर झालं असेल तर

खटका बंद करा. प्लग बाहेर, चोक उघडा, ट्रिगर पूर्ण दाबलेला. मशीन अशा प्रकारे कलंडा की प्लगचं भोक जमिनीकडे येईल. दोरी आठ-दहा वेळा ओढा. भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, म्हणून चेहरा बाजूला. मग दहा-पंधरा मिनिटं तसंच उघडं ठेवा आणि चहा पिऊन या.

प्लग फडक्याने पुसा, ब्रश मारा, पूर्ण कोरडा झाल्यावर बसवा. आधी हाताने चुडी धरवा, मग पान्याने घट्ट करा. सिलिंडर अॅल्युमिनियमचा असतो, तिरपा प्लग पिळला तर चुडी कायमची जाते.

आता खटका चालू करून, चोक न लावता, अर्ध्या गॅसवर, ब्रेक लावून ओढा. सहा-सात ओढींत धूर ओकत सुरू झालं तर काम झालं. दर वेळी नीट क्रमाने सुरू करूनही ओव्हर होत असेल तर कार्बोरेटरमधली सुई गळतेय, ते नवव्या टप्प्यात.

सावध : फुगा वीसदा दाबला म्हणून ओव्हर झालं, असं बरेच जण सांगतात. चेनसॉचा फुगा इंजिनमध्ये पेट्रोल फवारत नाही. तो टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरमधून फिरवून परत टाकीत सोडतो. ओव्हर होतं ते चोक लावून ओढत राहिल्याने.

## ५. प्लगला करंट येतो का

प्लग कॅपमध्ये घट्ट बसवा. त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पंख्यांना टेकवून धरा, पण प्लगच्या भोकापासून जितकं लांब जमेल तितकं. भोकावर फडकं कोंबा. आत पेट्रोलची वाफ असते, ठिणगीने ती पेटू शकते. सांडलेलं पेट्रोल आधी पुसून वाळू द्या. प्लग हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पकडीने धरा. खटका चालू करा, सावलीत या आणि दोरी जोरात ओढा.

टोकात निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली की करंट ठीक. पिवळी, मरतुकडी किंवा मधूनच येणारी असेल तर आधी नवा प्लग लावून बघा. तरी नाही?

कॉइलकडे (प्लगचा करंट तयार करणारा भाग) येणारी बंद करायच्या खटक्याची वायर शोधा. पातळ, एकच, क्लिपने लावलेली असते. ती कॉइलवरून काढा आणि पुन्हा बघा. आता करंट आला तर कॉइल चांगली आहे. खटका किंवा ती वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. उंदरांनी सोललेली वायर हे पडवीतल्या मशीनचं नेहमीचं कारण. ही चाचणी प्लग बाहेर ठेवूनच करा. वायर काढून मशीन सुरू केलं तर ते खटक्याने बंद होणार नाही.

वायर काढूनही करंट नसेल तर स्टार्टरचं झाकण काढा आणि मॅग्नेटचं चाक बघा. दमट हवेत चुंबकाच्या पृष्ठभागावर आणि कॉइलच्या पायांवर गंज धरतो, तो पॉलिश पेपरने हलकेच काढा. कॉइल आणि चाकामधली फट साधारण ०.३ मिमी हवी. जाड व्हिजिटिंग कार्ड बहुधा तेवढंच असतं. कॉइलचे दोन स्क्रू सैल करा, चुंबक कॉइलखाली आणा, मध्ये कार्ड सरकवा, चुंबक कॉइलला स्वतःच ओढून घेईल. तसंच धरून स्क्रू आवळा आणि चाक फिरवून कार्ड काढा. यानंतरही ठिणगी नसेल तर कॉइल गेली. ती दुरुस्त होत नाही, बदलायची.

एक वेगळी केस : करंट आहे, पेट्रोल आहे, पण ओढताना दोरी उलटा हिसका देते आणि बोटं सोलपटतात. मॅग्नेटच्या चाकाची चावी कापली गेली असेल, म्हणजे ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय. चाक काढायला पुलर लागतो. हातोडीने ठोकू नका.

## ६. हवा आत आणि धूर बाहेर

हवेचा फिल्टर काढून, तो बाजूला ठेवून, मशीन एकदा सुरू करून पाहा. फक्त पाहण्यापुरतं, लाकूड न कापता. सुरू झालं तर फिल्टर दोषी. जाळीचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. फेल्टचा असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारा. माडाचा भुसा ओला आणि तंतुमय असतो, तो फिल्टरवर लिंपल्यासारखा बसतो. नुसतं झटकून निघत नाही.

सायलेन्सरचं तोंड टॉर्चने बघा. कुंभारमाशीला असं भोक फार आवडतं. चार महिने पडून असलेल्या मशीनच्या सायलेन्सरमध्ये मातीचं घर सापडलं तर नवल नको. आतली ठिणगीरोधक जाळी काजळीने बंद झालेली असेल तर काढून पितळी ब्रशने घासा आणि परत बसवा. सुक्या गवतात काम करणाऱ्याने तर ती कधीच काढून ठेवू नये.

## ७. पेट्रोल पोचतंय का

प्लग कोरडा होता त्यांच्यासाठी हा मुख्य टप्पा. आधी छोटी चाचणी : प्लगच्या भोकात मिश्रणाचे पाच-सहा थेंब टाका (साधं पेट्रोल नाही), भोवती सांडलेलं पुसा, प्लग बसवा, चोकशिवाय ओढा. मशीन दोन सेकंद भुर्र करून बंद पडलं, तर फार मोठी गोष्ट कळली. करंट आहे, कॉम्प्रेशन आहे, फक्त पेट्रोल येत नाही. थेंब टाकूनही शांत, तर पाचवा आणि आठवा टप्पा पुन्हा.

आता फुग्याकडे बघा, तो बरंच सांगतो. दाबल्यावर चेपलेलाच राहिला तर टाकीतला फिल्टर किंवा नळी तुंबली. लगेच फुगून येतो पण आत फक्त हवा, तर नळीला चीर आहे, किंवा फुगाच तडकलाय. दाबताच येत नाही इतका कडक, तर परत जाणारी नळी किंवा कार्बोरेटरमधला मार्ग बंद.

टाकीचं झाकण उघडून तारेच्या आकड्याने फिल्टर नळीसकट बाहेर ओढा. चिकट, तपकिरी झालेला फिल्टर धुण्यात वेळ घालवू नका, नवा अगदी स्वस्त येतो. नळी बोटात वाकवून बघा. इथेनॉलने जुनी नळी आधी मऊ होऊन फुगते आणि नंतर ठिसूळ होते. टाकीच्या भिंतीतून ती जिथे बाहेर पडते, नेमकी तिथे बारीक चीर जाते. वाकवल्याशिवाय ती दिसत नाही.

टाकीला श्वास घ्यायला बारीक झडप असते. ती बुजली की मशीन सुरू होऊन काही मिनिटांत मरतं, आणि थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू होतं. मरतानाच झाकण सैल करा. “सूं” असा हवा आत जायचा आवाज आला तर कारण सापडलं. झाकण सैल ठेवून काम करणं हा उपाय नाही. गरम सायलेन्सरशेजारी पेट्रोल सांडेल.

## ८. कॉम्प्रेशन आणि पिस्टन

प्लग बसवा, खटका बंद. डिकॉम्प्रेशनचं (दोरी सोपी जावी म्हणून दाब कमी करणारं) बटण असेल तर ते दाबलेलं नाही याची खात्री करा. मशीन दोरीच्या मुठीला धरून अलगद उचला आणि लटकू द्या. चांगल्या इंजिनचं मशीन अडत, टप्प्याटप्प्याने खाली येतं. सळसळत सरळ खाली गेलं तर कॉम्प्रेशन नाही. गेज असेल तर १२० पीएसआय किंवा जास्त आलं की निर्धास्त राहा. ९० च्या खाली सुरू व्हायची आशा कमीच.

खात्रीसाठी सायलेन्सर काढा. इंजिन गार असताना, दोन-तीन बोल्टचं काम. आत खिडकीसारखं भोक दिसेल, त्यातून पिस्टनची बाजू दिसते. दोरी हळू ओढत टॉर्च मारा. पृष्ठभाग गुळगुळीत आणि रिंगा मोकळ्या दिसल्या तर छान. उभे ओरखडे, ओढल्यासारखा अॅल्युमिनियम, रिंग दिसेनाशी झालेली असेल तर इंजिन सीज होऊन सुटलंय. इथून पुढे घरगुती उपाय नाही. सिलिंडर-पिस्टनचा खर्च आणि नव्या मशीनची किंमत कागदावर शेजारी मांडा. स्वस्त मशीनच्या बाबतीत दुरुस्ती बऱ्याचदा परवडत नाही.

भोकाभोवतीची काजळी खरवडायची तर पिस्टन वर घेऊन भोक पूर्ण झाका आणि लाकडी काडी वापरा, लोखंड नाही.

## ९. आणि आता कार्बोरेटर

इथपर्यंत आलात, म्हणजे पेट्रोल ताजं, नळी-फिल्टर नवे, करंट सणसणीत, कॉम्प्रेशन ठीक, आणि थेंब टाकल्यावर मशीन दोन सेकंद चालतं. फक्त अशाच वेळी कार्बोरेटर खोलायचा.

एल (कमी वेगाच्या पेट्रोलचा) आणि एच (जास्त वेगाच्या पेट्रोलचा) असे दोन स्क्रू असतात, तिसरा मंद गतीचा. हात लावण्याआधी प्रत्येक स्क्रू हलकेच आत फिरवून टेकेपर्यंत किती वेढे झाले ते मोजा आणि लिहून ठेवा. टेकल्यावर पिळू नका, सुईचं टोक चेपतं. काही मशीनना हे स्क्रू ठरावीक मर्यादेतच फिरतात, ती टोपणं उपटून काढू नका. काही नव्या मॉडेलमध्ये तर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतं आणि फिरवायला स्क्रूच नसतात. ती सर्व्हिस सेंटरचीच.

पांढऱ्या थाळीत काम करा आणि प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा. मध्ये बारीक भोक असलेली पत्र्याची झाकणी काढली की खाली काळा पडदा दिसतो. हाच डायफ्राम. तो उजेडासमोर धरा आणि बोटाने हलकेच दाबा. चांगला पडदा रेशमी कापडासारखा लवतो. बिघडलेला चुरचुरतो, फुगा आलेल्या आकारातच आखडून राहतो, किंवा कडेला सुईएवढं भोक उजेडात चमकतं. त्याच्याखाली एक छोटी तरफ आणि सुई असते. तरफ वाकवू नका. सुईचं टोक झिजून कडं पडलं असेल तर ओव्हर होण्याचं कारण तेच.

दुसऱ्या बाजूची झाकणी उघडली की पंपाचा पडदा आणि खाली बोराच्या बीएवढी जाळी सापडेल. तीत हिरवट चिकट राळ जमते. जाळी कार्ब क्लीनरने धुवा. सगळ्या भोकांत स्प्रे मारा, चष्मा लावून, कारण तो दुसऱ्या भोकातून डोळ्यात येतो. भोकात टाचणी किंवा तार घालू नका. कॉम्प्रेसरची पूर्ण दाबाची हवा पडदे आणि बारीक झडपा आत असताना मारू नका.

जोडताना क्रम चुकतो. बहुतेक कार्बोरेटरमध्ये तरफेच्या बाजूला आधी गॅस्केट आणि मग पडदा येतो, तर पंपाच्या बाजूला आधी पडदा आणि मग गॅस्केट. फोटो काढायला सांगितलं ते यासाठीच. पडदे कडक असतील तर कार्बोरेटरवरचा नंबर दाखवून पूर्ण किट घ्या. एकच पडदा बदलून दुसरा जुना ठेवणं म्हणजे महिनाभराने पुन्हा हेच काम. स्वस्त मशीनचा अख्खा कार्बोरेटर किटपेक्षा फार महाग नसतो, तोही विचार करा.

परत बसवताना क्रँककेसमधून येणारी छोटी रबरी नळी किंवा भोक नीट जुळलंय का बघा. पंपाचा पडदा त्या धक्क्यावर हलतो. ती नळी फाटलेली असेल तर नवा कार्बोरेटरही पेट्रोल ओढणार नाही.

## थंड असताना सुरू होतं, गरम झाल्यावर नाही

ही तक्रार वेगळी. गरम मशीनला चोक लावलात तर ते ओव्हर होणारच. अर्ध्या गॅसवर ओढा. तरीही नाही झालं तर लगेच, मशीन गरम असतानाच, करंट बघा. सिलिंडर आणि सायलेन्सर हाताला लागणार नाहीत आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही, एवढं आधी पाहा. गार असताना ठणठणीत असलेली कॉइल तापल्यावर दगा देते, आणि गॅरेजात नेईपर्यंत गार होऊन पुन्हा चांगली वागते. मेकॅनिकला “सुरू होत नाही” एवढंच सांगू नका. “वीस मिनिटं चालल्यावर बंद पडतं, तेव्हा करंट नसतो, अर्ध्या तासाने येतो” असं सांगा. त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे पैसे वाचतात.

## पुढच्या मृगाआधी

काम संपलं की टाकी रिकामी करा. मग मशीन सुरू करून, आतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीवर चालू द्या. फुगा दाबून उरलेलं काढा, पुन्हा एकदा सुरू करून पाहा. प्लग काढून चमचाभर नाही, चार-पाच थेंब टू-टी ऑइल आत सोडा, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग बसवा. सायलेन्सरच्या तोंडाला सुती कापडाचा बोळा लावा, आणि मुठीला चिठ्ठी बांधा : “बोळा काढा, नवं पेट्रोल भरा.” पुढच्या खेपेला मशीन तुम्हीच बाहेर काढाल असं काही नाही.